बाईंनी आधी घातलेल्या वहाणा

दिवाळी अंकाचे संपादक लेख मागायला आले तेव्हा ते बोलत होते आणि मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. डाव्या चपलेची टाच बाहेरून झिजवतात ते. बघायला नको होतं, पण चांभाराची नजर जोड्यावर, ती काय जायची नाही. ते म्हणाले, "उभा जन्म या धंद्यात काढलात, सगळं लिहा." म्हटलं, सगळं लिहून कोण वाचणार? वकिलांच्या चपला केल्या, पैलवानांच्या केल्या, एका मामलेदारांचे बूट तीनदा शिवले आणि तिन्ही वेळा त्यांनी शिव्याच घातल्या. ते राहू द्या. मी एकाच जोडाचं लिहितो. त्या जोडानं मला माझाच धंदा पुन्हा पहिल्यापासून शिकवला.

साताऱ्यात बोळाच्या तोंडाशी आमचं दुकान होतं. वडील धनगरी वहाणांसाठी नावाजलेले. धनगराची वहाण म्हणजे साधी चप्पल नव्हे. म्हशीच्या कातड्याचे तीन थर, बोटभर जाड तळ आणि खालून ठोकलेले खिळे. आटपाडी-माणदेशाकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जायचे. जाता-येता आमच्या दुकानासमोर घोंगड्यांची रांग लागायची. वहाण झाली की वडील गिऱ्हाइकाला दहा पावलं चालायला लावायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "चावतीया का?" तो जिथं बोट दाखवील तिथं ठोकायचं, भिजवायचं, नाहीतर रापीनं, आमच्या कातडं कापायच्या सुरीनं, तासायचं. आमच्या धंद्याची सगळी विद्या त्या एका प्रश्नात होती. मीही ती तशीच शिकलो.

लढाईची वर्षं होती. एके सकाळी दुकानापुढे काळी मोटार उभी राहिली आणि एस्तेरबाई उतरल्या. मूळच्या वाईच्या, ख्रिस्ती. त्यांचे वडील पुलांची कंत्राटं घ्यायचे, लोणंदकडे रेल्वेचीही कामं केलेली. एकुलती एक लेक. लढाईच्या बऱ्याच आधी वडील गेले आणि नदीजवळचा दगडी बंगला, बागा, मोटार, सगळं बाईंच्या नावावर आलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. लोक म्हणाले, आता ही विलायतेला जाते. बाईंनी बंगला विकला, कोरेगावच्या पलीकडं कुसळाशिवाय काही न उगवणारा एक माळ घेतला, तिथं विहीर पाडली, खोल्यांच्या दोन ओळी बांधल्या आणि महारोगी आणून ठेवले. आता कुष्ठरोग म्हणतात. तेव्हा महारोग म्हणत, आणि म्हणतानासुद्धा माणूस दोन पावलं मागं सरायचा.

बाई आमच्या फळीवर, कातड्याच्या तुकड्यांत, खुशाल मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "ज्यांच्या पायांना बोटं राहिली नाहीत त्यांच्यासाठी चपला करायच्या आहेत. कराल का?"

वडिलांनी रापी खाली ठेवली. "बाईसाब, आमचं हात हेच आमचं पोट हाय. उद्या लोकांस्नी कळलं की ह्यानं त्यांचं पाय धरलं, तर आमच्या हातची वहाण कोन घालंल?"

"खरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि उठल्या. रागावल्या नाहीत की उपदेश केला नाही.

त्याच सकाळी वडिलांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझी शिवण वाकडी म्हणून उसवली होती. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी आरी-रापी फडक्यात गुंडाळली आणि बाईंच्या मागोमाग मोटारीत जाऊन बसलो. माझ्या सेवेचं मूळ ते एवढंच. अलीकडे कुणी सत्कारात मला 'त्यागी' वगैरे म्हणालं की मला हसू दाबावं लागतं. बापावर रुसलो होतो आणि मोटारीत बसायची हौस होती, बस्स!

माळावर गेलो आणि हौस फिटली. सांगायला लाज वाटते, पण पहिले कित्येक दिवस मी एकाही पायाला हात लावला नाही. राखेत पाणी घालून थर पसरायचो, रोग्याला त्यावर उभा करायचो, तो बाजूला झाला की ठशावरून माप घ्यायचो. बाईंनी ते बघितलं होतं. त्या स्वतः रोज सकाळी पाटावर बसायच्या. बंगल्यातून आणलेलं मोठं तांब्याचं घंगाळ पुढं, त्यात कोमट पाणी, आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन धुवायच्या. जखमा बघायच्या, तेल लावायच्या, पट्टी बांधायच्या. ओळ संपेपर्यंत उठायच्या नाहीत. ज्या बाईच्या घरी नोकर पंखा ओढायला होते, ती बाई!

एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्हाला किळस नाही येत?"

"येते की," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी मागं जाऊन ओकले. पण आमच्या शास्त्रात आहे, प्रभूनं जेवणावरून उठून शिष्यांचे पाय धुतले. त्याच्याकडं तर गार पाणी होतं, गणपत. मला तापवून मिळतंय."

आणि हसल्या. मी त्या दिवशी नीट जेवलो नाही. मोठ्या माणसांचं मोठेपण पुराणात ऐकलं होतं. इथं ते पाटावर बसलेलं होतं आणि त्याला किळससुद्धा येत होती, हे बघून मी चक्रावून गेलो.

आता बिरूचं सांगतो. बिरू आटपाडीकडचा धनगर, सहा फूट उंच, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरचं मेंढरू मान वर करील. सात वर्षं माळावर होता. रोग आता विझला होता. साताऱ्याहून आठवड्याला एक डॉक्टर यायचे, त्यांनीच सांगितलं होतं की ह्याच्यापासून आता कुणाला धोका नाही, हा घरी जाऊ शकतो. पण रोग जाताना पायांची जाण घेऊन गेला होता. तळव्याला विस्तव लावला तरी बिरूला कळलं नसतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना, इथं तेच उलटं झालेलं.

त्या साली दिवाळीनंतर त्याचा धाकटा भाऊ म्हाकू मेंढरं घेऊन माळावरून चालला होता. कुंपणाबाहेर वीस हात लांब उभा राहून त्यानं ओरडून सांगितलं, "दादा, परतीला ह्याच वाटंनं येतो. कळपासंगं चालत आलास तर न्हेतो. गाडीत घालून न्हेयाला आमच्याकडं गाडी न्हाई, आन् लोळागोळा मानूस वाड्यावर न्हेला तर भावकी ऐकायची न्हाई."

सात वर्षांत घरून आलेलं पहिलं बोलणं ते. धनगराचं जगणं म्हणजे चालणं. बिरू माझ्याकडं आला आणि म्हणाला, "गड्या, मला आपली वहाण कर. धनगरी. खिळ्याची. घरात पाय ठिवंन तर धनगरावानी ठिवंन."

मला चेव आला. इतके दिवस बिनबोटांच्या पायांसाठी मऊ पिशव्या शिवत होतो, त्याला काय वहाणा म्हणायचं? आता माझ्या बापाची विद्या दाखवायची संधी होती. म्हशीचं कातडं आणलं, तीन थर लावले, खिळ्यांची नक्षी काढली. वडिलांनी बघितली असती तर शिवण उसवली नसती, अशी वहाण झाली. बिरूनं घातली, दहा पावलं चालला.

मी विचारलं, "चावतीया का?"

"न्हाई रं, लय ब्येस!"

बघा आता. माझ्यासारखा गाढव मीच. ज्याच्या पायाला काही कळत नाही, त्यालाच मी विचारतोय चावतं का म्हणून. पण हात चालतात तसं तोंड चालतं. लहानपणापासूनचा प्रश्न, तो आपोआप बाहेर आला आणि उत्तर ऐकून मी खूषही झालो.

बिरू चार दिवस माळावर सराव म्हणून चालला. सकाळी निघायचा, सूर्य डोक्यावर आला की परतायचा. नव्या वहाणेच्या तोऱ्यात पाय धुवायच्या ओळीतही बसायचा नाही. पाचव्या दिवशी बाईंनी त्याला दटावून बसवलं. पाय घंगाळात गेला आणि पाणी लाल झालं. बाईंनी पाय उचलला. अंगठ्याच्या मागं, तळव्यात, रुपयाएवढं भोक पडलं होतं.

त्या आठवड्याला डॉक्टर आले. जखमेत सळई घालून बघितली आणि तोंड कडू करून म्हणाले, "हाड वाचलं तर नशीब. नाहीतर पाय काढावा लागेल."

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडायला लागलो. आणि बिरू काय म्हणाला सांगू? "गणपा, येड्या, रडतोस कशापायी? मला दुखत न्हाई रं." तो माझी समजूत काढत होता.

बाईंनी ती वहाण उचलली. आतलं रक्त धुतलं, फडक्यानं पुसली, पदर खोचला आणि स्वतःच्या पायात घातली. मी ओरडलो, "बाई! ती त्याची वहाण आहे!"

"म्हणूनच घातली," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. दहा पावलंसुद्धा गेल्या नाहीत. थांबल्या, खाली वाकल्या. "इथं. अंगठ्याच्या मागं. खिळ्याचं टोक वर आलंय." मी बोट लावलं. होतं. तांदळाच्या दाण्याएवढं टोक. बाईंना दहा पावलांत कळलं, त्याच्यावर तो माणूस चार दिवस चालला होता.

बाई म्हणाल्या, "गणपत, त्याला विचारून काय उपयोग? इथून पुढं मला विचारत जा."

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. छे! त्या दिवसापासून माळावरचा प्रत्येक नवा जोड आधी बाईंच्या पायात गेला. सकाळी घालायच्या आणि दिवे लागेपर्यंत काढायच्या नाहीत. मोठी वहाण असली तर चिंध्या कोंबायच्या, लहान असली तर बोटं दुमडायच्या. ज्याला बोटंच नाहीत त्याची वहाण आखूड, तीही तशीच. संध्याकाळी पाय पुढं करून मला दाखवायच्या, इथं लाल झालंय बघ, इथं शिवण टोचते. मी तासायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वहाण. साताऱ्यात बातमी गेली की वाईची श्रीमंत बाई महारोग्यांचे जोडे घालून हिंडते. कुणी म्हणालं डोकं फिरलं, कुणी म्हणालं धर्माचं वेड. माझं विचाराल तर मी पार दिपून गेलो होतो. पाय धुणारे साधू-संत असतील जगात. दुसऱ्याला न दुखणारं स्वतःला दुखवून घ्यायचं आणि ते कामाचा भाग म्हणून रोज करायचं, असं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

मग मलाही राखेचा थर मांडायची शरम वाटली. मी पाय हातात घ्यायला लागलो. हात लावल्यावर एक गोष्ट कळली, ती माझी स्वतःची, कुणी शिकवलेली नाही. वहाण काढल्यावर तळव्यावरून हाताची उलटी बाजू फिरवायची. जिथं कढत लागेल तिथं वहाण चावते आहे, पाय सांगो वा न सांगो. डॉक्टरांनी हे ऐकून मान डोलावली होती, एवढा मान मला पुरतो.

बिरूचा पाय मात्र अडला होता. पाय वाचवायचा तर तो जमिनीला टेकवायचा नाही, असा हुकूम. सहा फुटांचा धनगर भिंतीला पाय लावून उताणा पडून राहायचा आणि मेंढरं आता कुठं असतील त्याचा हिशोब सांगायचा. "आज कऱ्हाडाच्या खाली असत्याल. आता घाट उतरत्याल." ज्या दिवशी त्याच्या अंदाजानं कळप परतीला लागला, त्या दिवशी तो जेवला नाही. डॉक्टरांनी दोन बोटं काढली, पण पाय राहिला. जखम भरत आली आणि प्रश्न उभा राहिला की वहाण कसली करायची. खिळा नको. नुसतं कातडं माणदेशाच्या दगडांवर टिकायचं नाही. रबर पाहिजे, मोटारीचा टायर. लढाईत टायर कुठला? सातारा पालथा घातला, सांगलीपर्यंत जाऊन आलो, भंगारवाल्यांनी मला हाकलून दिलं.

रिकाम्या हातांनी परतलो. बाईंनी विचारलं, "कसला टायर लागतो?"

"जुना चालेल बाई, मोटारीचा कुठलाही."

"माझे तितके जुने नाहीत," त्या म्हणाल्या. "चालतील का?"

मला आधी थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी मोटार चार दगडांवर उभी होती आणि टायर माझ्या खोलीपुढं पडले होते. वडिलांची मोटार ती. त्या काळात गेलेला टायर परत मिळायचा नाही, हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मी रापी लावली आणि पुन्हा बाजूला ठेवली. बाई म्हणाल्या, "काप रे. एकटीला बसवून फिरायची ती. एवढ्या जणांना चालवेल तर बरंच आहे." पुढं त्या साताऱ्याला बैलगाडीनं जायच्या, उन्हात, छत्री धरून.

टायरचा तळ, त्यावर मऊ थर पाहिजे म्हणून बिरूनं आपल्या घोंगड्याची किनार कापून दिली. धनगर घोंगड्याला सहसा कात्री लावत नाही. वर शेळीचं कमावलेलं कातडं, आणि सगळं कातड्याच्या वादीनं शिवलेलं, एक खिळा नाही. दिसायला ओबडधोबड, बैलाच्या खुरासारखी. बाईंनी तो जोड पंधरा दिवस घातला. विहिरीवर, माळावर, रविवारी भजनाला पेटी वाजवायलासुद्धा. मी रोज विचारायचो, त्या रोज काहीतरी खोट काढायच्या. सोळाव्या दिवशी म्हणाल्या, "नाही चावत." मगच तो बिरूच्या पायात गेला.

वैशाखाच्या शेवटी धुरळा दिसला. बिरूनं आवाजावरून कळप ओळखला आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला. म्हाकू आला, या वेळी दहा हातांवर. काखेत नव्या वहाणा होत्या, धनगरी, खिळ्यांच्या. टाचेची शिवण बघूनच मी ओळखलं, माझ्या बापाच्या हातच्या.

"दादा," म्हाकू म्हणाला, "चालतोस ते बगितलं. चल. पन हितलं काय बी संगं नगं. कापडं, वहाना, समदं हितंच सोड. घरात बारकी लेकरं हायती. ह्या घाल, साताऱ्यातनं तुझ्यासाटी आनल्यात."

बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. भावानं वहाणा आणल्या, त्याला दुसरं काही दिसेना. तो खाली बसला आणि माझ्या वहाणा सोडायला लागला. मला दिसत होतं पुढं काय होणार ते. चार मुक्काम जायचे, तो हसत चालायचा आणि पाचव्या मुक्कामाला पाय सडायचा.

मी ओरडलो, "बिरू, सोडू नकोस! मरशील!"

"तू कोन रं मधी बोलनारा?" म्हाकू माझ्यावर धावून आला.

"ह्या वहाणा केल्या तो. आणि तुझ्या काखेतल्याही माझ्याच बापानं केल्यात. लाख चांगल्या आहेत. पण ह्याच्यासाठी विष आहेत."

त्याला ते पटेना. त्याचंही चुकत नव्हतं, महारोग्याच्या पायातली वस्तू लेकराबाळांच्या घरात कोण नेईल? भाऊ-भाऊ कुंपणाशी उभे आणि मधे तो जोड पडलेला. बिरू एकदा माझ्याकडं बघे, एकदा मेंढरांकडं. बाई गडबड ऐकून आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ कुंपणाजवळच्या विहिरीच्या दगडावर बसून पाय पुढं केले.

"म्हाकू, ह्या वहाणा आधी माझ्या पायात होत्या. पंधरा दिवस. रोग लागायचा तर मला लागू दे. बघ माझे पाय."

म्हाकूनं बघितलं. मीही बघितलं. रोज एकेक जागा बघत आलो होतो, सगळे पाय असे कधी बघितलेच नव्हते. घट्टे, फोड, फुटून वाळलेले फोड, काळं पडलेलं नख. माळावरच्या सगळ्यांच्या वहाणा बाईंच्या पायांवर उमटल्या होत्या. एका धनवंताच्या लेकीचे पाय ते!

म्हाकूनं विचारलं, "बाईसाब, तुमी का म्हून घातल्या?"

"त्याला चावलेलं कळत नाही," बाई म्हणाल्या. "मला कळतं."

काखेतला जोड म्हाकूनं माझ्या हातात दिला. बिरूनं पुन्हा आपल्या वहाणा चढवल्या, वाद्या बांधल्या, उठून उभा राहिला आणि कळपाकडं तोंड करून मान उंचावून बघायला लागला. सात वर्षांपूर्वीची एक शिंगमोडी मेंढी त्याला हवी होती, ती आहे का ते शोधत होता. म्हाकू दहा हात चालून आला. वाकला. गुडघे टेकले आणि थोरल्या भावाच्या पायांवर, त्या बोटं गेलेल्या पायांवर, दोन्ही हात ठेवून कपाळ टेकलं. खांदे हलत होते त्याचे.

बिरू मेंढी शोधतच होता. त्याला काहीच कळलं नव्हतं.

बाईंनी पदर तोंडाला लावला. मी पुढं गेलो आणि म्हणालो, "बिरू, आरं, खाली बघ."

त्यानं खाली बघितलं.

"म्हाकू," तो म्हणाला, "कवाधरनं हायस रं तू हितं?"